डाव्या हँडलची मोटार

परवा एका लग्नात दोन तरुण पोरं माझ्याशेजारी येऊन बसली. कुणाची कोण जाणे, पण बोलायला गोड होती. एक म्हणाला, "आजी, तुमच्याकडं बगळ्याची मोटार होती ना? काय कंपनी होती! तसली गाडी पुन्हा कुणी केली न्हाय." दुसऱ्याला बॉनेटवरच्या पितळी बगळ्याचा फोटो हवा होता. मी हातातली जिलेबी ताटात ठेवली आणि दोघांना असं फैलावर घेतलं की पाणी प्यायचं निमित्त करून जी उठली, ती पंगत आटोपेपर्यंत माझ्या बाजूला फिरकली नाहीत.

पोरांचा दोष नव्हता, हे मलाही कळतं. पण त्या गाडीबद्दल कुणी हळहळलं की माझ्या डोक्यात तिडीक उठते. ज्यांचे बाप-आजे सरकारी बस सुरू झाली त्याच आठवड्यात आमच्या गाडीकडं पाठ फिरवून बसले, तेच आता 'काय दिवस होते' म्हणून उसासे टाकतात. जिवंतपणी पाणी विचारायचं नाही आणि मेल्यावर पंचपक्वान्नं. मला असली माया कळत नाही.

माझं माहेर सोलापूरचं, म्हणजे तेव्हाच्या इंग्रजी हद्दीतलं. सासर अणदूर, निजामाच्या मुलखातलं. माहेरी मराठी चौथीपर्यंत शिकले होते, त्यामुळं सासरी आल्यावर घरातले सगळे मराठी कागद माझ्याकडं आले. लग्नाला दोन वर्षं झाली तेव्हा मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, सोलापूरच्या एका एजंटाकडून ही जुनी विलायती मोटार घेतली आणि अणदूर, नळदुर्ग, तुळजापूर अशी उतारू न्यायला सुरुवात केली. कंपनीचं नाव मी घेणार नाही. नाव घ्यावं अशी तिनं आमच्याशी वागणूक ठेवली नाही.

गाडी वाकड्या चालीची. साऱ्या जगाच्या मोटारी पुढं खोचलेलं हँडल उजवीकडं मारलं की सुरू होतात, ही डावीकडं. मदतीला धावलेल्या किती शहाण्यांनी मनगटं सुजवून घेतली, त्याची गणती नाही. वेग वाढवायचं पेडल मधोमध आणि ब्रेक कडेला. दारं उलट्या बाजूला उघडायची, त्यामुळं उतरणारा माणूस आधी पाठ दाखवायचा. हॉर्न म्हणजे एक रबरी फुगा, तो दाबला की रेडकू ओरडल्यासारखा आवाज. आणि पुढं बॉनेटवर एका पायावर उभा पितळी बगळा. बाजारकरी, तुळजापूरचे भाविक, टोपलीतल्या कोंबड्या, एकदा तर वऱ्हाडासह नवरदेव, सगळं त्या बगळ्याच्या मागं बसून गेलं. खरं सांगायचं तर मला ती गाडी आवडायची. मी रोज सकाळी चिंचेनं बगळा घासायची आणि सासूबाई म्हणायच्या, "देवाची भांडी काळी पडलीत, आन ही बगळा घासतीया." आवडायची म्हणूनच राग जास्त येतो.

हिटलरची लढाई सुरू झाल्यावर दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी आमच्या गाडीचा म्याग्नेटो जळाला. म्याग्नेटो म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणारा डबा. असेल चार-पाच शेर वजनाचा, पण तो नसला तर गाडी म्हणजे नुसती चार चाकांवरची खाट. दुसऱ्या कुठल्या गाडीचा डबा बसवावा, तर तेही नाही. ह्या दीडशहाण्या कंपनीचं इंजिनच उलटं फिरायचं, त्यामुळं डबाही तिचाच लागायचा.

मालक आणि मी सोलापूरला एजंटाकडं गेलो. त्यानं कपाळावर आठ्या घालून सांगितलं, "कंपनीच बसली हो. लढाईच्या आधीच बसली." मी विचारलं, आम्हाला गाडी विकली तेव्हा तुम्हाला हे माहीत होतं का. त्यावर त्याला एकदम पंख्याची गरज वाटू लागली. तो उठला, कपाट उघडलं आणि म्हणाला, "सुट्टे भाग काहीच नाहीत, पण हे आहेत, एक घेऊन जा." कपाटात डझनभर पितळी बगळे ओळीनं उभे होते. यंत्र पाठवायला कंपनीला जमलं नाही, बगळे मात्र पेटी भरून पाठवले होते. मालकांनी संकोचानं एक घेतला. परतताना हद्दीवरच्या करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या नाक्यावर शिपायानं तो फडक्यातून काढून विचारलं, "ये कौनसा देव है?" मी म्हटलं, बुडालेल्या कंपनीचा.

आमच्या मुलखात त्या कंपनीची आणखी एकच गाडी होती, मुरुमला. तिचे मालक मुसलमान, माझ्या नवऱ्यापेक्षा दोनचार वर्षांनी मोठे, स्वतःच ड्रायव्हर आणि स्वतःच मिस्त्री. आम्ही त्यांना भाई म्हणायचो. त्यांची गाडी मुरुमहून येणेगूरवरून उमरग्याच्या बाजूला फिरायची. त्यांचा डबा शाबूत होता, पण दोन चाकं पार गेली होती. आमच्याकडं दोन चांगली चाकं जादा होती आणि डबा गेलेला. आमची गाडी बंद पडल्याचं ऐकून ते सायकलवरून अणदूरला आले, गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि ओसरीवर बसून राहिले. काय करावं ते कुणालाच सुचेना.

तोडगा काढला माझ्या सासूबाईंनी. आमच्या अणदूरचा खंडोबा आणि नळदुर्गचा खंडोबा हा एकच देव, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत. मूर्ती एक, देवळं दोन. वर्षातले काही दिवस देव नळदुर्गला राहतो, बाकीचे अणदूरला, आणि नेताना-आणताना दोन्ही गावांचे मानकरी कागद करतात. कुणी कुणाचा देव अडवून ठेवत नाही. सासूबाई वाती वळता वळता म्हणाल्या, "देव दोन गावांत नांदतोय, मग ह्या लोखंडाला काय धाड भरलीया?"

भाई हसले आणि म्हणाले, "बात तो सही है अम्मा." मग मी कागद घेतला आणि करार लिहिला. आमची दोन चांगली चाकं भाईंच्या गाडीला. भाईंचा डबा निम्मे दिवस आमच्या गाडीला. ज्याच्या गावचा बाजार, त्या दिवशी डबा त्याचा. ज्याची पाळी त्यानं येऊन न्यावा, दुसऱ्यानं धुऊनपुसून तयार ठेवावा. वर 'श्री खंडोबा प्रसन्न' लिहावं की नाही म्हणून मी जरा थांबले, तर भाईच म्हणाले, "लिखो ना भाबी. तरीका उनका उचलाए, तो नाम भी उनकाच रैने देव." खाली मालकांनी मोडीत सही केली, भाईंनी उर्दूत. दोन प्रती केल्या. दोन्ही माझ्या अक्षरात.

वर्ष-दीड वर्ष ते चाललं. मांजरपाटाच्या फडक्यात गुंडाळलेला डबा सायकलच्या मागं बांधून न्यायला भाई यायचे, चहा घ्यायचे, नाहीतर मालक मुरुमला जायचे. लोक चेष्टा करायचे. डबा निघाला की रस्त्यात कुणी तरी भंडारा उधळल्यासारखा हात करून 'यळकोट यळकोट' म्हणायचं. मलाही मौज वाटायची. देवाची रीत यंत्राला लावली म्हणून आम्ही स्वतःला फार हुशार समजत होतो.

पण एका चैत्री पुनवेला, तुळजापूरची गर्दी लोटलेली असताना, भाईंची गाडी येणेगूरजवळ अडकली आणि डबा दोन दिवस उशिरा आला. आमची गाडी दारात उभी, आणि भाविकांनी भरलेल्या बैलगाड्या आमच्यासमोरून तुळजापूरकडं चाललेल्या. भाईंनी येऊन हात जोडून माफी मागितली. मालक म्हणाले, "आवो, चालायचंच." मी मात्र ते मनात धरलं. ज्याचा डबा होता, तोच आपल्या डब्यासाठी माफी मागत होता, हे माझ्या टाळक्यात त्या दिवशी शिरलंच नाही. कागदावर अर्धा आमचा लिहिला होता ना! अर्धा म्हणता म्हणता माझ्या मनानं तो सगळाच आपला धरला होता.

त्या वर्षीच्या थंडीत सरकारी हुकूम आला. मोटारींचा मुआयना, म्हणजे तपासणी. साहेबांचा तळ नळदुर्गला पडणार, आणि आसपासच्या गाड्यांनी ठरलेल्या दिवशी दुपारच्या आत आपल्या पायानं चालत यायचं. जी गाडी चालत येणार नाही, तिचा परवाना रद्द. हुकूम उर्दूत होता, भाईंनीच तो आम्हाला वाचून दाखवला. दोन्ही गाड्यांना एकच दिवस. आणि कराराप्रमाणं त्या दिवशी पाळी भाईंची.

देव ज्या गावात नसतो, तिथलं देऊळ काही दिवस रिकामं राहतं. पण रिकाम्या देवळाला कुणी मुआयन्याला बोलवत नाही. ही साधी गोष्ट करार लिहिताना आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आली नव्हती.

मालकांनी आणि भाईंनी बसून बेत केला. आदल्या दिवशी भाईंनी येऊन डबा मुरुमला न्यायचा, पहाटे गाडी काढून अणदूरवरून नळदुर्गला जायचं, पहिल्यांदा तपासणी करून घ्यायची आणि तीन कोस मागं येऊन डबा आमच्या गाडीला बसवायचा. मग आम्ही दुपारच्या आत नळदुर्गला. दोघंही खूश. मी भाकऱ्या थापत ऐकत होते. मुरुम ते अणदूर दहा-बारा कोसांचा खडबडीत रस्ता. वाटेत पुन्हा गाडी अडकली तर? साहेब दुपारीच तळ हलवून गेले तर? आमच्याकडं दुसरं काही नव्हतं. शेत दिराकडं गेलं होतं, ह्या गाडीवर घर चाललं होतं, आणि मला सहावा महिना होता. मालकांना बोलले, तर म्हणाले, "भाईंवर भरवसा न्हाय का तुझा?" भाईंवर होता. त्या नतद्रष्ट कंपनीच्या गाडीवर नव्हता.

आदल्या दिवशी दुपारी घरात कुणी नसताना मी फडताळातला डबा उचलला आणि ज्वारीच्या कणगीत कोपरापर्यंत हात घालून खोल पुरला. घाईत फडकं अर्धवट सुटलं होतं, तसंच. वर ज्वारी सारखी केली. 

भाई आले. चहा झाला. मालक डबा आणायला फडताळाकडं गेले आणि तिथंच उभे राहिले. मग जी शोधाशोध सुरू झाली ती दिवेलागणीपर्यंत. गोठा, माळवद, गाडीच्या सीटखाली, शेजाऱ्यांची घरं. मीही शोधत होते. सासूबाई शेजाऱ्यांच्या पोरांना दरडावून आल्या आणि पोरं हकनाक रडली. भाई मात्र एकदाही चिडले नाहीत. उलट मलाच म्हणाले, "भाबी, तुम बैठो. ऐसी हालत में वाकना अच्छा न्हाय." रात्री ते आमच्याकडंच राहिले. भाकरीचं पीठ मी शेजारून मागून आणलं. कणगीला हात लावायची हिंमत झाली नाही.

सकाळी सगळे पुन्हा शोधायला बाहेर पडले, तसा मी डबा बाहेर काढला, पदरानं पुसला, नीट गुंडाळला आणि गव्हाणीमागच्या कडब्यात ठेवला. ऊन अंगणात चांगलं चढेपर्यंत थांबले. मुरुमला जाऊन परत यायची वेळ टळून गेली, ह्याची खात्री झाल्यावर ओरडले, "घावला!"

मालकांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते भाईंकडं बघत राहिले, डब्याला हात लावेनात. कागदाप्रमाणं दिवस भाईंचा होता. भाईंनी एकदा उन्हाकडं पाहिलं आणि म्हणाले, "आता मुरुम गाठून व्हायचं न्हाय. तुमी निघा. दोन मरण्यापेक्षा एक तरी वाचू दे." त्यांनी स्वतःच्या हातानं डबा आमच्या गाडीला बसवला. हँडल धरलं, डावीकडं फिरवलं. गाडी सुरू झाली तेव्हा मालकांच्या खांद्यावर थाप मारून ते सायकलवर बसले आणि मुरुमकडं निघून गेले. आमची गाडी तपासणीत पास झाली. त्यांचा परवाना गेला.

मला सगळ्यात जास्त राग कुणाचा आला असेल तर त्या माणसाचा. त्यांनी आम्हाला शिव्या द्यायच्या होत्या. चोर म्हणायचं होतं. निदान 'माझा डबा मला परत द्या' एवढं तरी म्हणायचं, तो तर त्यांचाच होता. त्यांनी ते केलं नाही. डबा कायमचा आमच्या गाडीला ठेवू दिला आणि स्वतः मुरुमच्या अडतीत काट्याजवळ पोती उचलायला उभे राहिले. आवाजावरून इंजिनाचं दुखणं ओळखणारा माणूस पोती उचलत होता. आणि आमच्या परवान्याचं तरी काय झालं? जेमतेम दोन वर्षं. मग त्या रस्त्यावर सरकारी बस आली, सगळे उतारू तिच्यात जाऊन बसले आणि आमची गाडी अंगणात कोंबड्यांची झाली. ज्याच्यासाठी मी ते पाप केलं, ते इतकं स्वस्त होतं.

कंपनीनं बुडताना कुणाला सांगितलं नाही. एजंटानं विकताना सांगितलं नाही. त्या दोघांना मी जन्मभर लाखोली वाहिली, पण सांगितलं तर मीही कुणाला नाही. मालक गेले तोवर नाही. म्हणून 'काय गाडी होती' असं कुणी म्हटलं की माझा तोल जातो.

बस यायच्या आधीची एक दुपार सांगायची राहिली. तीच सांगायला बसले होते, आणि एवढा वेळ टाळत आले.

तपासणीनंतर आमची गाडी अधूनमधून अडखळू लागली होती. चांगली चालता चालता मध्येच दचकायची, पुन्हा सुरळीत व्हायची. सोलापूरच्या मिस्त्रीलाही कळलं नाही. मुलगा चार महिन्यांचा झाला होता तेव्हा भाई एक दिवस बैलगाडी घेऊन आले. त्यांनी आपली गाडी सगळी सोडवली होती. स्प्रिंगा, आमची दोन चाकं, पट्टे, नळ्या, सगळं नीट बांधून आणलं होतं. "मेरी तो खडीच है," म्हणाले, "तुमची चलू दे." मालक बाहेर जाऊन उगाच बैलांना पाणी दाखवू लागले. मग भाईंनी विचारलं, गाडी का अडखळते. मालक इंजिनात घालायचं पाणी आणायला आडावर गेले आणि भाईंनी डबा सोडवून ओसरीवर घेतला. मी दारात मुलाला घेऊन उभी होते.

त्यांनी डब्याचं टोपण काढलं. आतल्या सांदीत बारीक तार घातली, जरा टोकरलं आणि डबा तळहातावर आपटला. त्यातून ज्वारीचा एक दाणा पडला. एका बाजूनं करपलेला.

भाईंनी तो चिमटीत धरला. दारातून आतली कणगी सरळ दिसत होती. त्यांनी तिकडं पाहिलं, मग माझ्याकडं.  ते उठले, जवळ आले, तो दाणा माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "भाबी, जरा चाय रखो."

मी मुलाला पाळण्यात टाकलं आणि चुलीपुढं बसले. मूठ उघडत नव्हती, एकाच हातानं आधण ठेवलं. तेवढ्यात मालक घागर घेऊन आल्याचा आवाज आला. त्यांनी विचारलं, "काय निघालं, भाई?"

"कचरा था," भाई म्हणाले. "निकल गया."

मग बाहेर हँडल डावीकडं फिरलं आणि गाडी पहिल्याच झटक्याला सुरू झाली. त्यानंतर अगदी शेवटपर्यंत ती एकदाही अडखळली नाही.